बंदुकीची आंघोळ

उंद्रीत निवृत्तीच्या घरी बंदूक होती असं लोक म्हणत. खरं पाह्यलं तं बंदुकीच्या घरी निवृत्ती राहे. बंदूक आधीची, निवृत्ती मागून आला. त्याच्या आज्यानं आणलेली ती ठासणीची बंदूक. वरून दारू वता, काथ्याचा बोळा घाला, छर्रे टाका, पुन्हा बोळा, लोखंडी गजानं ठासा, घोड्याखाली ठिणगीची टोपी बसवा, अन् मंग कुठं बार. तोवर डुक्कर शेत खाऊन, ढेकर देऊन, घरी जाऊन झोपलेलं असे.

अन् लांब किती! लाकडी दस्ता निवृत्तीच्या ओसरीत ठेवला तं नळीचं तोंड शेजारच्या रंगरावच्या चुलीत जाय. रंगरावची बायको म्हणे त्याच नळीनं इस्तू फुंके. खोटं वाटत असेन तं उंद्रीत जाऊन विचारा, चूल अजून तिथंच हाय.

ह्या गोष्टीतली बाई म्हणजे सुभद्रा, निवृत्तीची बायको. लगीन होऊन आली तवा तिले वाटलं, नवऱ्याले एक बायको अगोदरच हाय. रोज सकाळी गडी माणूस गाईले हात लावायच्या आधी बंदुकीले हात लावे. ओसरीत घोंगडं अंथरे, नळी वेगळी, घोडा वेगळा, दस्ता वेगळा. गरम पाण्यानं नळी धुवे, गजाले चिंधी बांधून आतून पुसे, उन्हात वाळवे, मंग खास खामगावहून आणलेलं शिशीतलं तेल. थेंब-थेंब. बायकोच्या डोक्याले एवढं तेल त्यानं जन्मात लावलं नाही.

सुभद्रा बाजूले सुपात ज्वारी पाखडत बसे अन् मागितलं ते हातात देई. चिंधी. शिशी. गज. असं करता करता तिले सगळं पाठ झालं. कोणत्या छर्ऱ्यानं तितर, कोणत्यानं डुक्कर, पावसाळ्यात दारू कशी जपायची, सगळं. एक गोष्ट मात्र राह्यली. बार काढायची. एकदा तिनं विचारलंही.

"अवो, मले एकदा वाजवू द्या ना."

"अव, बंदूक हाय ते, टाळ नोहे! बाईमाणसाच्या खांद्याले झेपत नाही."

"खांद्यावर दोन घागरी आणतो आम्ही विहिरीवरून."

"घागर लाथ मारते का?" म्हणे निवृत्ती, अन् बंदूक खुंटीवर.

संध्याकाळी ओसरीत गावचे चार लोक जमत. निवृत्तीच्या शिकारीच्या गोष्टी ऐकत. गोष्टी लय, डुक्कर मात्र एकही नाही. रंगराव मुद्दाम खोदे.

"काऊन निवृत्तीभाऊ, कालचं डुक्कर सोडलं म्हणे?"

"पोटुशी होती बापा. पाप लागते."

"परवाचं?"

"ते म्हातारं होतं. त्यानं पाह्यलं माह्याकडं. बापाची आठवण आली."

"अन् त्याच्या आधीचं?"

"ते नात्यातलं असेन," आतून सुभद्रा म्हणे, अन् ओसरी खो खो हासे. निवृत्तीही हासे. माणूस गरीब. पण दसऱ्याले मारुतीच्या पाराजवळ बार काढायचा मान त्याचा. अन् काढे कसा? बंदूक आभाळाकडं, मान दुसरीकडं वळवलेली, अशी ऐटीत. लोक म्हणत, पाहा शौकीन माणूस, बंदुकीकडं पाहतही नाही!

घरात तिसरं माणूस म्हणजे गोजरबाई, निवृत्तीची माय. बुढीले एकच लेक, म्हणून बंदुकीले तिनं धाकटा लेक मानलेलं. पोळ्याले बैलासंग बंदुकीलेही पुरणपोळीचा घास दाखवे. कोणी हासलं तं म्हणे, "हासा बापा, हासा. ह्या लेकानं कधी उलटून उत्तर नाही देलं मले."

तं झालं असं, की एका साली बोथ्याच्या रानातून डुकरं उतरली. उतरली म्हणजे काय, वऱ्हाड आल्यावानी आली. म्होरं नवरदेव, मागं वऱ्हाडी, पोरंसोरं. निवृत्तीचं शेत रानाच्या कडेले, पहिली पंगत त्याच्याच ज्वारीत. त्यात कोतवालानं दवंडी देली. दिवाळी झाली का बुलढाण्याचा साहेब उंद्रीले तंबू ठोकणार. ज्याच्या ज्याच्याजवळ पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचं लायसन हाय, त्यानं बंदूक घेऊन यावं. झाडावर मडकं टांगलं जाईन. मडकं फुटलं तं लायसन कायम. नाही फुटलं तं बंदूक सरकारजमा.

साहेबाचं म्हणणं, ज्याच्यानं मडकं फुटत नाही त्याच्यानं डुक्कर काय मरणार? बोलणं सरळ होतं. म्हणूनच तं निवृत्तीचं जेवण सुटलं.

सुभद्राले आधी वाटलं, बरं होईन. गेली सवत तं गेली. पण सकाळी पाह्यलं, माणूस घोंगड्यावर बसला, बंदूक मांडीवर, अन् हात नुसता फिरून राह्यला, जशी लेक सासरी धाडायची हाय. बंदूक गेली तं हा माणूस उद्यापासून सकाळी उठून करीन काय? बसीन कुठं?

"जाणार नाही बंदूक," ती बोलली. "मडकं तं फोडायचं हाय. मडकं पोटुशी नसते."

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीले निवृत्ती पहाटेच न्हाऊन देवळात गेला. सुभद्रा गोठ्यात. घरात गोजरबाई एकटी, अन् चुलीवर गरम पाणी उरलेलं. बुढीच्या मनात आलं, मोठा लेक न्हाला, सून न्हाली, बैलंही धुतले. ह्या धाकट्यानंच काय पाप केलं? सायेबापुढं जायचं हाय त्याले. उतरवली बंदूक. घरच्या करडीचं ताजं तेल घेतलं, वाटीभर, अन् दस्त्यापासून नळीपर्यंत चोळ चोळ चोळलं. घोड्याच्या सांदीत बोटानं घातलं. वरून उटणं लावलं, पाणी वतलं, ओवाळलं, अन् चुलीजवळ शेकत उभं केलं. वाळल्यावर जिथली तिथं खुंटीवर. पुण्य करून सांगू नाही म्हणतात, म्हणून कोणाले सांगितलं नाही.

निवृत्तीनं खुंटीवर पाह्यलं तं बंदूक कधी नव्हं एवढी चमकून राह्यली. शुभशकून समजला, बिचारा, अन् शकून पुसला जाऊ नये म्हणून साहेब येईपर्यंत बंदूक खोललीच नाही.

साहेबाचा तंबू आमराईत पडला. साहेब उंच, लालबुंद, अन् मराठी बोले ती पुस्तकातून वेचून आणलेली. सारा गाव जमला. बायका बांधावर, पदर तोंडात धरून. दुसऱ्या गावच्या लोकांनी आपापली मडकी फोडली. मंग निवृत्तीची हाक आली. त्यानं दारू वतली, बोळा, छर्रे, ठासणं, सगळं असं नजाकतीनं, का साहेबही पाहत राह्यला. टोपी बसवली. घोडा वर ओढायले गेला तं घोडा जड. दोन्ही अंगठ्यांनी ओढला. बंदूक खांद्याले लावली. चाप ओढला.

काहीच नाही. घोडा वरच्या वर. चिकटून बसलेला, जसा म्हातारा जावई सासरी बसते.

निवृत्तीनं हलवली, थापटली, कानाशी नेली. घोडा पडेचना. रंगराव मागून म्हणे, "निवृत्तीभाऊ, घोडाही नात्यातला हाय का?" अन् आमराई अशी हासली का झाडावरची माकडं पळाली.

साहेब जवळ आला. "आपली बंदूक आजारी आहे काय?"

"हाव सरकार. सर्दी झाली असेन," निवृत्ती बोलला.

"उद्या सकाळी माझा तंबू उठेल. त्यापूर्वी तिला बरी करून आणा. नाहीतर ती माझ्यासोबत येईल."

सारा गाव हासत होता, पण सुभद्रा हासली नाही. तिनं नवऱ्याचं तोंड पाह्यलं होतं. घोडा पडला नाही तवा त्या तोंडावर लाज यायले पाह्यजे होती. अन् आली काय, तं सुटका! पावसात भिजायचं टळलं म्हणजे येते तशी. हे काय गौडबंगाल हाय, बाई?

घरी येऊन निवृत्तीनं पहिले घोड्याखालची टोपी काढली, मंग घोंगड्यावर घोडा खोलला. आत सगळं पिवळं, चिकट, वाळलेल्या डिंकावानी. त्याले उमगेना. सुभद्रानं बोट लावलं, हुंगलं.

"हे आपल्या कढईले बसते तसं हाय. दिवाळीचं तळण झालं का काठाले जे बसते अन् राखेनं घासून निघत नाही, ते. करडीचं तेल हाय हे."

दोघांनी एकदमच गोजरबाईकडं पाह्यलं. बुढी वाती वळत होती. वळतच राह्यली.

"माय," निवृत्ती बोलला, "तू काही केलं का?"

"मी काय करू बाप्पा? न्हाऊ घातलं. वर्साचा सण, लेकरू काय पारोसं ठेवू?"

"माय, बंदुकीले कोणी न्हाऊ घालते का!"

"तू रोज सकाळी काय करत बसते मंग?" बुढी म्हणाली.

दिव्यातलं मातीचं तेल आणलं. एक एक तुकडा त्यात भिजवला. निवृत्ती खरवडे, सुभद्रा पुसे. उन्हं कलली तवा घोडा पहिल्यावानी खट्‌कन पडायले लागला. पण एक लफडं उरलंच. नळीत सकाळचा बार तसाच ठासलेला. अन् ठासणीच्या बंदुकीचं असं हाय का एकदा भरली तं रिकामी करायची सरळ वाट एकच.

"चला शेतात," सुभद्रा बोलली. "तिथं वाजवून या. अन् नेमही धरून पाहा."

शेतात ज्वारीच्या कडेले बुजगावणं उभं होतं, डोक्याच्या जागी चुन्यानं डोळे काढलेलं मडकं. निवृत्ती त्याच्या समोर उभा राह्यला. बंदूक खांद्याले लावली. खाली घेतली. पुन्हा लावली. कपाळावर घाम, अन् थंडीचे दिवस.

"काय झालं?"

"वारा हाय."

"पान हालत नाही."

निवृत्ती मटकन बांधावर बसला. बंदूक आडवी ठेवली, तोंड रानाकडं. जरा वेळ मातीचं ढेकूळ फोडत बसला.

"तुले सांगतो. कोणाले बोलू नको. मले हिच्या आवाजाचं भेव वाटते."

सुभद्रा उभीच्या उभी.

"लहान होतो. आज्यानं माह्या कानाशी बार काढला. कान गेला वाटलं, जीव गेला वाटलं. तवापासून डोळे आपोआप मिटतात. मान वळते. लोकायले ऐट वाटते. अव, भरायले आवडते, पुसायले आवडते, पाहायले आवडते. वाजवायले..." त्यानं मान हालवली. "डुक्कर पोटुशी नव्हती. मीच उभा राह्यलो थरथर कापत. उद्या जाईन बंदूक. जाऊ दे."

दुसरी असती तं हासली असती. सुभद्राच्याही ओठाशी आलं होतं, पण तिनं गिळलं. एवढ्या वर्सांत ह्या माणसानं शंभर लंब्याचवड्या गोष्टी सांगितल्या, अन् आज पहिल्यांदा एक खरी सांगितली. ती खाली वाकली, पदर खोचला, अन् बंदूक उचलली.

"सांगा मले. कसं धरायचं?"

निवृत्तीनं वर पाह्यलं. बायकोचं तोंड पाह्यलं. अन् उठला. शिकवायचं म्हटलं का गड्याच्या अंगात वारं संचारे.

"दस्ता खांद्याच्या खळगीत रुतव. जागा सोडू नको, नाहीतं लाथ मारीन. गाल टेकव. श्वास धरून ठेव. अन् चाप हिसकू नको, गाईचं सड दाबते तसा दाब."

मंग त्यानं दोन्ही कानात बोटं घातली.

धडाड्!

सुभद्रा उताणी ज्वारीत. धूर इतका का सूर्य लवकर मावळला असं वाटून कोंबड्या खुराड्यात गेल्या. अन् बोथ्याच्या रानातली डुकरं जी पळाली म्हणतात, ती थेट तापीत पाणी प्यायले थांबली. धूर हटला. बुजगावणं जसंच्या तसं, चुन्याचे डोळे वासून हासून राह्यलं.

"लागलं का?" निवृत्ती धावत आला.

"त्याले नाही, मले लागलं," सुभद्रा खांदा चोळत उठली, अन् तिले हासू आवरेना. "भरा पुन्हा!"

भरली. पुन्हा हुकली. पुन्हा भरली. निवृत्ती दारू मापे, बोळा घाले, ठासे, बंदूक हातात देई, कानात बोटं घाले. दिवस बुडता बुडता बुजगावण्याचं मुंडकं गेलं. खापऱ्या ज्वारीत पडल्या. नवरा-बायको असे नाचले का पोळ्याचे बैल लाजले असते.

घरी येताना मात्र सुभद्राच्या ध्यानात आलं, की मडकं फुटून उपयोग काय? लायसन त्याच्या नावाचं. बायको बंदूक घेऊन गावापुढं उभी राह्यली तं लोक ह्याले जगू देतीन का? आता हे त्यानंच ठरवायचं होतं.

सकाळी आमराईत काल होते त्याच्या दुप्पट लोक. फुकटचा तमाशा कोण सोडते? साहेबाच्या तंबूच्या खुंट्या उपटणं चालू होतं. निवृत्ती पुढं झाला. बंदूक भरली. घोडा वर ओढला, पाडून दाखवला, मंग टोपी बसवली. मडकं आंब्याच्या फांदीले डुलून राह्यलेलं. निवृत्तीनं बंदूक खांद्याले लावली.

अन् खाली घेतली.

"सरकार," निवृत्ती बोलला, अन् आवाज सगळ्या बांधापर्यंत गेला, "बंदूक माही हाय. तिची सेवा माही. दारू, छर्रे, साफसफाई, ह्यात मले तालुक्यात जोड नाही. पण बार काढायचा म्हटलं तं माहे डोळे मिटतात. भेव वाटते मले. खोटं काऊन बोलू? घरात नेम हाय, पण तो माह्या बायकोचा."

मंग रंगरावनं तोंड उघडलं, "अरे बापरे, निवृत्तीभाऊ, बायकोच्या..."

"रंगराव," बांधावरून गोजरबाई कडाडली, "तुह्या बायकोनं माह्या बंदुकीनं चूल फुंकली तवा तुले चाललं ना? मंग तोंड मिट!"

आता गाव हासला तो रंगरावले.

साहेबानं आपल्या कारकुनाकडं पाह्यलं. कारकून म्हणे, घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव लायसनात घालता येते, हुजुरांची मर्जी असली तं. बाईचं आजवर कोणी घातलं नाही. साहेब म्हणे, "आजवर कोणी बंदुकीस सर्दी झाल्याचेही सांगितले नव्हते. येऊ द्या बाईंना."

सुभद्रानं चप्पल बांधावर काढली. पदर कमरेले खोचला. बंदूक हातात घेतली. दस्ता खांद्यात रुतवला, कालच्या निळ्या वळावरच. दुखलं. दुखू दे. गाल टेकवला. मागून हळूच आवाज आला, "सड दाबते तसा."

धडाड्!

मडकं असं फुटलं का एक खापरी साहेबाच्या चहात, एक कारकुनाच्या दौतीत, अन् एक म्हणे चिखलीच्या बाजारात एका कुंभारणीच्या टोपलीत पडली. तिनं ती उचलून म्हटलं, हे तं माहंच मडकं हाय! ह्यातलं किती खरं ते कुंभारीण जाणे. पण सुभद्रा ह्यावेळी पडली नाही, एवढं साऱ्या उंद्रीनं पाह्यलं.

साहेबानं चहातून खापरी काढली अन् सुभद्राचं नाव घालायले सांगितलं. मंग बंदुकीच्या नळीत डोकावला, नखानं वाजवून पाह्यली. "हिची नळी झिजली आहे. पुढच्या बाराला ही बाईंच्या हातात फुटेल. हिला पुजा, पण भरू नका. काडतुसाची नवी बंदूक घ्या, मी परवानगी देतो."

म्हणून कापूस विकल्यावर दोघं दमणी जुंपून खामगावले गेले. बंदुकीच्या दुकानात बोहरी शेठ बसलेला, दाढी मेंदीची. त्यानं निवृत्तीले पाह्यलं अन् गिऱ्हाईक ओळखलं. कपाटातून काढली ती दुनळी. लांब, जड, घोड्यांजवळ चांदीवर कोरलेला वाघ, दस्त्याचं लाकूड असं का त्यात तोंड दिसावं.

निवृत्ती तिथंच वितळला. हातात घेतली, बिजागरीत मोडून पाह्यली, आतून उजेडाले धरली. "काय नळी हाय! काय बसवलं हाय! अव, हे पाह्यलं का?" त्याचे डोळे भरून आले होते. असली बंदूक रोज सकाळी मांडीवर असती तं माणूस शंभर वर्सं जगला असता.

शेठनं ती सुभद्राच्या हातात देली. "बाई, तुम भी देखो."

तिनं खांद्याले लावली. दस्ता लांब, गाल पोचेना. नळी आपल्या वजनानंच खाली गेली. बाजूले एक साधी एकनळी टेकवून ठेवलेली होती. आखूड, कोरीवकाम काही नाही, दिसायले दाराच्या अडसरावानी. सुभद्रानं ती उचलली तं अशी बसली, जसं लेकरू कडेवर बसते. दुकानातला नोकर घाबरून खाली वाकला.

तिनं दोन्ही काउंटरवर ठेवल्या अन् बाहेर बैलांकडं पाहत उभी राह्यली. ऐपत एकीचीच होती.

मागं धोतराचा सोगा फिरल्याचा आवाज. निवृत्ती वाघावरचे आपल्या बोटांचे डाग पुसत होता. अगदी नीट पुसले. दुनळी शेठकडं सरकवली.

"ही आखूड द्या. नेम जिचा, माप तिचं."

"अन् साफ करायचं तेल?" शेठनं विचारलं.

निवृत्तीचा चेहरा पडला. "काडतुसाच्या बंदुकीले कायचं तेल लागते आता? ठासायचं नाही, वतायचं नाही..."

"अरे भाऊ, इसको तो और जास्त लागते! हर बार के बाद. आतून, बाहेरून, खटक्यात, बिजागरीत. ब्रश वेगळा, चिंधी वेगळी, तेल दोन प्रकारचं."

"दोन प्रकारचं?" निवृत्ती बोलला, अन् त्याचा चेहरा असा उजळला का शेठनं दिवा विझवला म्हणतात.

खामगाव सुटलं, उन्हं मऊ झाली. निवृत्ती पुढं बैल हाकत होता. सुभद्रा मागं काडतुसांच्या पेटीवर बसलेली, नवी बंदूक मांडीवर आडवी. उंद्रीच्या रस्त्याले लागल्यावर त्यानं मान वळवून विचारलं, "अव, इकडं दे ना जराशी. नुसती पाहतो."

"उद्या सकाळी घोंगड्यावर पाहा, पोटभर," सुभद्रा बोलली. "आता बैल हाका. दिवस असता शेतात पोचलं पाह्यजे, डुकरं यायची वेळ होऊन राह्यली."